सुटका

बाहुली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली.
साडेतीनशे सांगितले, अडीचशेला दिली.
आडवी केली की डोळे मिटते, उभी केली की उघडते.
लुर्दीन म्हणाली होती, हातांना काहीतरी हवं असतं गो,
नाहीतर तुझी आई दिवसभर चादरीचे काठ पिळत बसते.
साखळीच्या वाटेवरचं ते घर, बारा खाटा,
मागे काजूची झाडं, पुढे लोखंडी गेट, गेटावर सगूण.
बाकीच्यांना बाहुल्या मानवल्या होत्या.
निवृत्त पोस्टमास्तरसुद्धा एक कुशीत घेऊन झोपायचे,
तिला कधी नात म्हणायचे, कधी रजिस्टर पार्सल.

पण माझी आई आवडू वयजीण.
केरी, मोर्ले, पर्ये, पार घाटाच्या पायथ्यापर्यंत
होडीतून, बैलगाडीतून, एकदा खाणीच्या ट्रकातून
जाऊन तिनं नाळा कापल्या.
हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कोळशाच्या रेघांत.
मी बँकेत लागल्यावर भिंतीला रंग काढला.
मला ती हल्ली ताई म्हणते, कधी नुसतंच अगो.

मी बाहुली तिच्या मांडीवर ठेवली. आडवी.
डोळे मिटले.

आईचे हात थबकले, आणि मग एकदम तरुण झाले.
करंगळीनं तिनं घसा साफ करायला घेतला,
प्लास्टिकच्या ओठांत करंगळी जाईना तरी.
पाठ चोळली. टाचा धरून उलटी टांगली,
तळव्यांवर दोन चापट्या.
"रडूंक ना," ती म्हणाली. "रडूंक ना गो हें."
मी म्हटलं, आई, बाहुली आहे ती.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं बाळंतिणीच्या खोलीत घुसलेल्या पुरुषाकडे पाहावं.
"ऊन उदक हाड. ताट वाजय."
लुर्दीननं खरंच ताट वाजवलं, स्टीलचं, डावानं.
बाराच्या बारा खाटा उठून बसल्या, जेवण आलं म्हणून.
बाहुली गप्प.

आईचं ते तोंड मी एकदाच पाहिलं होतं, लहानपणी.
मोर्ल्याहून ती पहाटे परतली,
नारळ नाही, तांदूळ नाही,
रिकामी पिशवी खुंटीला लावली
आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग मी पडद्यामागे गेले.
एकोणसाठ वर्षांची, गुडघ्याला पट्टा,
भिंतीकडे तोंड करून
रडले.
पहिला आवाज मांजरासारखा निघाला.
दुसरा खोकल्यासारखा.
तिसऱ्याला कुठूनतरी बेंबीच्या देठापासून
ते खरं ट्यांहा आलं,
ओलं, रागावलेलं, थंडी वाजणारं,
आणि थांबवायचं कसं ते मला कळेना.
सगूण गेटावरून काठी घेऊन धावत आला.
पोस्टमास्तरांनी विचारलं, कुणाकडे झालं?

फटीतून पाहिलं:
आईनं बाहुली छातीशी उभी धरलेली,
डोळे टक्क उघडे.
"चेडूं," ती सगळ्या खोलीला म्हणाली. "सुटली एकदाची."
चादरीची एक दशी ओढून नाळ बांधली,
दातांनी तोडली.

मी नाक पुसत बाहेर आले तर
पोर माझ्याच हातात दिली.
"मान सांबाळ," म्हणाली.
"आनी म्हजो नारल खंय?"

सगूणनं स्कूटर काढली.
बाजारातून आणला, सोललेला नव्हे, शेंडीचा.
तिनं कानाशी धरून हलवला, उशाशी ठेवला
आणि चार तास झोपली.

आता दर खेपेला पिशवीत नारळ असतो.
कधी मला रडावं लागतं, कधी बाळ जन्मलेलंच असतं.
परवा घाईत तोच जुना नेला.
तिनं हलवला. पुन्हा हलवला.
"उदक ना हातूंत," म्हणाली,
बाहुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत,
"म्हाका फसयता गो?"